शाळेची वाट आणि दोन चाकें

इतिहासाच्या ग्रंथांत घोड्याला जेवढें स्थान मिळालें आहे, त्याच्या शतांशही सायकलीच्या वांट्यास आलेलें नाहीं. घोड्यावर राजे बसले, सरदार बसले. त्यांच्या टापांचा आवाज बखरींतून अद्यापि ऐकूं येतो. सायकलीवर बसला तो कारकून, शाळामास्तर, गिरणींतील कामगार, दूधवाला आणि टपालवाला. या मंडळींच्या बखरी कोणी लिहिल्या नाहींत. त्यांच्या प्रवासांतही जो सर्वांत लहान आणि सर्वांत नित्याचा, म्हणजे शाळा सुटल्यावर पोराबाळांना सायकलीवर घेऊन घरीं परतण्याचा, त्याची नोंद घ्यावी असें तर कोणाच्या मनांतही आलें नाहीं. आमच्या मतें ही उणीव लहान नाहीं. लोकांचें जीवन कसें बदलत गेलें हें पाहावयाचें असेल, तर दरबारापेक्षां शाळेचें फाटक हें कित्येकदां अधिक बोलकें ठिकाण असतें.

खानदेशांत उन्हाळा लागला कीं शाळा सकाळच्या भरतात. मुलांना उन्हाचा ताप होऊं नये हा त्यांतला हेतु. परंतु सकाळची शाळा सुटते ती ऊन माथ्यावर येऊं लागल्यावर, आणि जळगांव-भुसावळकडील ऊन म्हणजे पाऱ्याला पंचेचाळीस अंशांपलीकडे नेणारें. अशा वेळीं प्राथमिक शाळेच्या फाटकाबाहेर उभें राहून पाहावें. सायकलीच्या दांडीवर बसविलेल्या छोट्या बैठकीवर बालवाडींतलें मूल, मागें कॅरिअरवर दुसरी-तिसरींतलें थोरलें, हँडलला दोन बाजूंनीं अडकविलेलीं दोन दप्तरें, आणि या सर्वांचा तोल सांभाळणारी आई किंवा बाप, असें एक लहानसें कुटुंबच दोन चाकांवर निघतें. थोडें अंतर गेलें नाहीं तोंच पुढचें मूल पेंगूं लागतें. त्याची मान एका अंगास कलते आणि तिच्याबरोबर हँडलही कलतें. मागचें मूल शाळेंतील हकीकत सांगत असतें, आणि ती ऐन रंगांत आली असतां मित्राला हांक मारण्यासाठीं एकदम वळतें. हांकणाऱ्यानें त्याला उत्तर द्यावयाचें, पुढचा खड्डा चुकवावयाचा, मागून येणाऱ्या मालमोटारीचा भोंगा किती जवळ आला याचा अंदाज घ्यावयाचा, आणि हें सारें करतांना आपल्या मनांतली भीति मुलांना कळूं द्यावयाची नाहीं. घरीं पोंचेपर्यंत अंगाला जो घाम येतो तो सगळाच उन्हाचा नसतो.

ही भीति म्हणजे त्या आईचा भित्रेपणा, असें समजणारे लोक आहेत. आम्हांस तसें वाटत नाहीं. ती भीति शंभराहून अधिक वर्षांत, थोडी यंत्रामुळें, थोडी रस्त्यामुळें आणि थोडी शहराच्या वाढीमुळें, थराथरानें जमत आली आहे. ते थर एकेक करून पाहणें हाच या लेखाचा उद्देश.

जुन्या काळीं मुलांना शाळेंत पोंचविणें हें घरच्या कामांत मोडतच नसे. शाळा गांवांत, गांव पायाखालचें. मुलें आपलीं आपण जात आणि आपलीं आपण येत. मुंबई इलाख्यांत विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीनें १९१८ सालीं नगरपालिकांना सक्तीचें प्राथमिक शिक्षण सुरू करण्याची मुभा देणारा कायदा झाला, आणि १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे गेला. त्यापूर्वीं, १९०६ मध्येंच, खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे होऊन जळगांव आणि धुळें हीं दोन जिल्ह्याचीं ठाणीं झालीं होतीं. शाळा वाढल्या, मुलें वाढलीं, तरी रस्त्यावर चालणाऱ्या बहुतेक सर्वांची गति जवळजवळ एकच होती. बैलगाडी माणसाच्याच चालीनें जाते. टांगा तिच्याहून जलद खरा, परंतु टांगेवाल्याचा ओरडा दुरून ऐकूं येई आणि घोड्यालाही डोळे असत. रस्त्यावर उनाडणारें पोर ओरडा खाई, क्वचित् धपाटाही खाई. पण त्याच्या जिवावर बेतण्याचे प्रसंग विरळा.

आतां यंत्राकडे वळूं. १८१७ सालीं जर्मनींतील ड्राइस नांवाच्या गृहस्थानें दोन चाकें एकामागें एक जोडून पायांनीं जमीन रेटीत चालवावयाचें वाहन तयार केलें. पुढें फ्रान्समध्यें त्याला पायडल मिळालें. १८८५ च्या सुमारास इंग्लंडांतील स्टार्ली यानें दोन सारख्या चाकांची आणि सांखळीनें मागचें चाक फिरविणारी सायकल बाजारांत आणली, आणि आज जिला आपण सायकल म्हणतों तिचा सांगाडा तेव्हांच ठरून गेला. या हकीकतींतील एक गोष्ट आमच्या विषयाला फार जवळची आहे. बेलफास्ट येथें डनलॉप नांवाचा जनावरांचा डॉक्टर राहत असे. त्याच्या लहान मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर खडखडत जाई आणि पोराला हादरे बसत. बापानें रबराच्या नळींत हवा भरून ती चाकांवर बसविली. १८८८ मध्यें त्यानें तिचें पेटंटही घेतलें. असाच शोध टॉम्सन नांवाच्या गृहस्थानें १८४५ मध्येंच लावला होता हें मागाहून उघड झालें आणि डनलॉपचें पेटंट रद्द ठरलें, हा भाग निराळा. आज जगांतील अवजडांतली अवजड मालमोटारही ज्या हवेच्या धांवेवर पळते, ती धांव प्रथम चालती झाली एका मुलाचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून! पुढें याच धांवेनें मोटारीला वेग दिला, आणि तो वेगच सायकलीवरील मुलाच्या मुळावर आला. इतिहासाची थट्टा कधीं कधीं अशी क्रूर असते.

आपल्या मराठी मुलखांतही सायकलीचा आणि उद्योगाचा संबंध जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आपल्या बंधूंसह बेळगांवांत जें दुकान चालविलें तें आरंभीं सायकलींचें होतें, आणि किर्लोस्करांचा उद्योगसमूह आपला जन्म १८८८ पासून मोजतो तो याच धंद्याच्या आधारें. तेव्हां सायकल ही साहेबाची आणि श्रीमंतांची मिजास होती. १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांतील तिघे, हकीम, बापासोला आणि भूमगरा, सुमारें चव्वेचाळीस हजार मैलांचा प्रवास पुरा करून १९२८ च्या मार्चांत परत आले. त्या पराक्रमानें सायकलीला कीर्ति मिळाली. परंतु ती घरोघरीं पोंचली ती देशांत कारखाने निघाल्यावर. मद्रासेस १९४९ मध्यें, सोनपतला १९५१ मध्यें आणि लुधियानास १९५६ मध्यें जे मोठे कारखाने उभे राहिले, त्यांनीं सायकल मध्यम आणि गरीब वर्गाच्या हातीं दिली.

खानदेशाला तर हें वाहन मुद्दाम घडविल्यासारखें मानवलें. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, आणि मध्यें तापीच्या खोऱ्याची सपाट काळी जमीन. चढ नाहीं, घाट नाहीं. त्रास एवढाच, कीं बाभळीचा कांटा चाकांत गेला म्हणजे पंक्चर, आणि पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल मडगार्डाखालीं असा गच्च बसे कीं सायकलीनें माणसाला नेण्याऐवजीं माणसाला सायकल उचलून न्यावी लागे. तासाच्या भाड्यानें सायकली देणारीं दुकानें निघालीं. ज्यांचे पाय खोगिरावरून पुरत नसत अशीं पोरें मोठ्या सायकलीच्या त्रिकोणांतून पाय घालून अर्ध्या पायडलानें शिकलीं.

परंतु या सायकलीचा सांगाडा कोणासाठीं होता? अठ्ठावीस इंची चाकें, उंच दांडी, लोखंडी कांब्यांचे ब्रेक, आणि बसणारा एकटा धडधाकट पुरुष: विलायतेंत जो नमुना ठरला तोच आपल्याकडे वर्षानुवर्षें निघत राहिला. त्यांत मुलासाठीं जागा योजिलेली नव्हती. बापानें ती आपल्या कल्पकतेनें निर्माण केली. दांडीला टॉवेल गुंडाळला, पुढें वेताची किंवा लोखंडी पट्ट्यांची छोटी बैठक बसविली, कॅरिअरवर जुनी उशी बांधली. कायद्यानें या कल्पकतेकडे संशयानेंच पाहिलें. ‘डबलसीट’ बसविणें आणि रात्रीं दिव्यावांचून फिरणें या गुन्ह्यांसाठीं पोलिसानें सायकल अडविल्याच्या आठवणी मागच्या पिढीच्या मराठी शहरवासीयांना नव्यानें सांगावयास नकोत.

जागा निर्माण झाली तरी धोके राहिले. पहिला धोका मागच्या चाकाचा. कॅरिअरवर बसलेल्या मुलाचे पाय खालीं लोंबतात. पेंग आली किंवा कंटाळा आला कीं टांच चाकांत जाते आणि फिरत्या तारा ती सोलून काढतात. जेथें जेथें सायकलीवर मुलें नेतात तेथें तेथें डॉक्टरांना ही इजा ओळखीची आहे, आणि चाकाला दोन्ही बाजूंनीं जाळी व मुलाला पाय ठेवावयास पट्टी, एवढा साधा उपाय तिला पुरतो. दुसरा धोका ब्रेकाचा. जुन्या सायकलीच्या लोखंडी रिमा पावसांत भिजल्या म्हणजे ब्रेक त्यांना नीट धरीत नाहीं, आणि ओझें तर नेहमींच्या दीडपट. तिसरा धोका असा, कीं त्याचा उगम सावधपणांतच आहे. सायकलीचा तोल वेगामुळें सांभाळला जातो. वेग जितका कमी तितकी ती अधिक डुलते. पोरें घेऊन जाणारा मनुष्य काळजीनें हळू चालवितो, आणि हळू चालविल्यामुळेंच डुलतो. त्यांतही निघतांना आणि थांबतांना, म्हणजे शाळेच्या फाटकाशीं आणि चौकांत, जेथें गर्दी अधिक तेथेंच तोल सर्वांत अवघड. हातीं दोन जीव असतां ही कसरत रोज करणाऱ्याला शाबासकी द्यावयाची सोडून ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडणारे कमी नसतात.

यंत्राचे हे दोष होते तरी रस्ता सायकलीचा होता तोंवर ते सोसण्यासारखे होते. म्हणून तिसरा आणि सर्वांत जाड थर रस्त्याचा. धुळ्याचें उदाहरण घ्या. इंग्रजी अंमलाच्या आरंभीं कॅप्टन ब्रिग्जनें व्यापाऱ्यांना जागा देऊन तें वसविलें. तेथील सरळ, समांतर आणि क्रमांकांनीं ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या पायीं जाणाऱ्यासाठीं आणि बैलगाडीसाठीं सोयीच्या होत्या. त्याच धुळ्यांतून मुंबई-आग्रा रस्ता जाई, आणि गांवांतील मुख्य बाजारपेठेला अद्यापि आग्रा रोड हेंच नांव आहे. दूरच्या प्रवासाचा रस्ता आणि गांवांतला रस्ता एकच असणें हें एके काळीं व्यापाराच्या दृष्टीनें भाग्याचें लक्षण होतें. मोटारी आल्यावर तेंच संकटाचें मूळ झालें.

जळगांवांत हें संकट अधिक ठळकपणें दिसतें. १८६० नंतरच्या थोड्याच वर्षांत आगगाडी आली, अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाला सोन्याचा भाव आला, आणि या पेठेचें नशीब उघडलें. रुळांनीं गांवाचे दोन भाग केले. पुढें सुरतेकडून धुळें, जळगांव, भुसावळ, अकोला, नागपूर असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग (पूर्वींचा क्रमांक ६, २०१० च्या नव्या क्रमवारीनें ५३) शहराच्या कडेनें गेला. पण शहर कडेला थांबलें नाहीं. महामार्गाच्या पलीकडे वसाहतींमागून वसाहती उठल्या आणि कडेचा रस्ता शहराच्या मधोमध आला. खोटेनगर, आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली हीं नांवें जळगांवकर पालकाला ठिकाणें म्हणून जेवढीं माहीत, तेवढींच श्वास रोखून पार करावयाचे टप्पे म्हणूनही माहीत. घर एका बाजूस, शाळा दुसऱ्या बाजूस, आणि मध्यें गुजराथेंतून विदर्भाकडे धांवणारी मालवाहतूक! महामार्गाला समांतर रस्ते असावेत म्हणून नागरिकांनीं वर्षानुवर्षें मागणी केली, आंदोलनें केलीं. २०१९ नंतर शहरांतील मोठा भाग चौपदरी झाला, कांहीं ठिकाणीं खालून वाट काढली गेली, शहराबाहेरून वळणरस्ता नेण्याचें कामही हातीं घेण्यांत आलें. हें सर्व झालें तें बरेंच झालें. परंतु चौपदरी रस्त्यावर वाहनाचा वेग वाढतो आणि तो ओलांडण्यास लागणारा वेळही वाढतो, ही गोष्ट सायकलवाल्याला सांगावी लागत नाहीं.

याच काळांत सायकलस्वाराची प्रतिष्ठाही घसरली. १९७२ मध्यें पुण्याच्या कारखान्यांतून लूना बाहेर पडली आणि मध्यम वर्गानें पायडल सोडण्यास प्रारंभ केला. त्यामागून स्कूटर आली, १९९१ नंतर मोटारसायकली आणि मोटारी आल्या. ज्याला सोडतां आलें त्यानें सायकल सोडली. मास्तरांच्या आणि वकिलांच्याही अंगणांत जी उभी असे, ती आतां ज्याला दुसरें कांहींच परवडत नाहीं त्याचें वाहन ठरली. रस्त्यावरील मान हा संख्येवर आणि पैशावर अवलंबून असतो. शंभर सायकलींत एक मोटार असते तेव्हां मोटारवाला सांभाळून जातो, आणि शंभर मोटारींत एक सायकल असते तेव्हां सायकलवाला जीव मुठींत धरून जातो.

स्त्रियांचा विचार येथें स्वतंत्रपणें केला पाहिजे, कारण मुलांना आणण्याचें काम बहुधा त्यांच्याकडेच येतें. तामिळनाडूंतील पुदुकोट्टै जिल्ह्यांत १९९० नंतर साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारों खेडूत स्त्रिया सायकल शिकल्या, आणि पाणी, माल व मुलें घेऊन स्वतंत्रपणें फिरूं लागल्या. बिहारांत २००६ पासून नववींतील मुलींना सायकली मिळाल्या. तेथील माध्यमिक शाळेंत जाणाऱ्या मुलींचें प्रमाण त्यामुळें सुमारें एकतृतीयांशानें वाढलें असें अभ्यासकांनीं दाखवून दिलें आहे. महाराष्ट्रांत मानव विकास कार्यक्रमाखालीं आठवी ते बारावींच्या, शाळेपासून पांच किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्या मुलींना सायकली देण्यांत येतात, आणि त्यांत खानदेशांतील तालुकेही आहेत. या मुली उद्यां आया होतील आणि आपल्या मुलांना पुढें-मागें बसवून याच रस्त्यांवरून आणतील. सरकारनें त्यांच्या हातीं चाकें दिलीं हें उत्तम केलें. चाकाखालचा हातभर रुंदीचा निर्धास्त रस्ता मात्र अजून द्यावयाचा राहिला आहे.

कायद्याची दृष्टिही याच प्रकारची. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याखालीं पहिली ते पांचवीची शाळा एक किलोमीटराच्या आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरांच्या आंत असावी असें ठरलें. हीं अंतरें चालण्याचीं आणि सायकलीचीं आहेत. पण त्या अंतरांत कोणता रस्ता ओलांडावा लागेल याचा हिशेब त्यांत नाहीं. महाराष्ट्रांत २०११ मध्यें शाळेच्या बसांसाठीं नियम झाले. २०२२ च्या केंद्रीय नियमानें मोटारसायकलीवर चार वर्षांखालील मूल नेतांना पट्टा, शिरस्त्राण आणि ताशीं चाळीस किलोमीटरांची मर्यादा आली. सायकलीवर बसलेल्या मुलाविषयीं हा नियम कांहीं बोलत नाहीं.

यावर कोणी विचारील, कीं मग सायकल सोडून रिक्षा कां लावीत नाहींत? ज्याची महिन्याची मिळकत दोन मुलांच्या रिक्षाचें भाडें सोसूं शकत नाहीं त्याला हा प्रश्न विचारण्यांत अर्थ नाहीं. आणि जो सोसूं शकतो त्यानेंही सायकल सोडली तर शाळेच्या फाटकाशीं एक मोटार अधिक उभी राहते, आणि उरलेल्या सायकलवाल्यांची वाट तेवढी अरुंद होते. दुसरे म्हणतील, मुलांना रस्त्याची शिस्त शिकवा. अवश्य शिकवावी. परंतु स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ स्टीना सँडेल्स यांनीं १९६० नंतरच्या काळांत लहान मुलांचें बारकाईनें निरीक्षण करून दाखविलें, कीं वाहनाचा वेग आणि अंतर यांचा मेळ घालण्याची शक्ति त्या वयांत पुरती आलेलीच नसते. शिकवणीनें वय वाढत नाहीं; मुलाला रस्त्याजोगें करण्यापेक्षां रस्ता मुलाजोगा करणें अधिक सोपें.

आणि तें शक्य आहे, याला साक्ष हॉलंडची. आज तो देश सायकलींचें माहेर म्हणून ओळखला जातो, आणि तेथील लोकांना हें जन्मजातच साधलें असें आपल्याला वाटतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. महायुद्धानंतर तेथेंही मोटारींसाठीं रस्ते रुंद झाले, सायकली मागें पडल्या, आणि एकट्या १९७१ सालीं सुमारें तेहतीसशें माणसें रस्त्यांवर मेलीं; त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. शाळेला सायकलीवर जाणारी एक मुलगी अशीच गेली. तिचा बाप पत्रकार होता. त्यानें ‘बालहत्या थांबवा’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला, आणि त्याच नांवाची चळवळ उभी राहिली. आयाबापांनीं रस्ते अडविले, रस्त्यांत मुलांना खेळावयास बसविलें. १९७३ मध्यें तेलाची टंचाई आली आणि सरकारलाही विचार करणें भाग पडलें. त्यानंतरच्या वर्षांत सायकलीसाठीं वेगळ्या वाटा झाल्या, वस्तीच्या गल्ल्यांत मोटारीला माणसाच्या चालीनें जाण्याचा नियम झाला. हॉलंडांतील आई आज दोन मुलें सायकलीवर बसवून गप्पा मारीत घरीं जाते, तें तिच्या आधींची आई रस्त्यावर उतरली म्हणून.

खानदेशांत सपाट जमीन आहे, एक-दोन किलोमीटरांवर शाळा आहेत, पायडल मारण्याची संवय मोडलेली नाहीं, आणि समांतर रस्त्यांसाठीं लढण्याची जिद्द तर जळगांवकरांनीं दाखविलीच आहे. जें नाहीं तें थोडें आहे: शाळेभोंवतीं वेगाला आळा, महामार्ग ओलांडावयाच्या ठिकाणीं सायकल हातीं न धरतां जातां येईल असा उतार, उन्हांत चार झाडांची सांवली, आणि मागच्या चाकाला दोन जाळ्या. यांतील शेवटची वस्तु कोणत्याही सायकलीच्या दुकानांत बसवून मिळेल. बाकीच्या तीन नगरपालिकेच्या आणि सरकारच्या कचेरींतून यावयाच्या आहेत. रस्त्याचा नकाशा आंखणाऱ्या अधिकाऱ्यांनीं एप्रिलांतल्या एखाद्या दुपारीं, शाळा सुटतांना, एक मूल पुढें आणि एक मूल मागें घेऊन अजिंठा चौफुली एकदां ओलांडावी, एवढीच आमची सूचना आहे. त्यानंतर नकाशांत काय बदलावयाचें हें त्यांना कोणी सांगावें लागणार नाहीं.